सोसेल तेवढा करंट

फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या पेशंटकडे वळली, तसा आजोबांनी हळूच हात लांबवला आणि स्नायूला विजेचे ठोके देणाऱ्या यंत्राचं बटण दाबायला सुरुवात केली. पडद्यावरचा आकडा एकेकाने उतरत गेला. मांडीवर दर काही सेकंदांनी उठणारा स्नायूचा उंचवटा आधी लहान झाला, मग नुसती थरथर उरली, मग तीही दिसेनाशी झाली. आजोबा डोळे मिटून शांत पडून राहिले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा हा व्यायाम वेळेवर सुरू झाला, वेळेवर संपला आणि त्यांच्या कागदावर 'पूर्ण' अशी खूण झाली. मी पलीकडे वीज वाहणाऱ्या कापडाचे माझे नमुने मांडून बसले होते, म्हणून मला हे दिसलं. नंतर पट्टा सोडताना मी विचारलं, "आजोबा, फार जोरात होतं का?" ते म्हणाले, "जोराचं काही नाही गं. पाय आवळतो त्याची माझी तक्रार नाही. पण इथे सुया टोचतात." आणि त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं जेल पॅडच्या, म्हणजे वीज त्वचेत सोडणाऱ्या चिकट चौकोनाच्या, एका कोपऱ्यावर. तो कोपरा त्वचेपासून सुटून वर आला होता.

तो कोपरा माझ्या डोक्यातून जाईना.

गुडघ्याला इजा झाली की मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, फार लवकर वाळतो. माणूस मनापासून पाय ताठ करायला बघतो, पण दुखऱ्या, सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्थाच त्या स्नायूला अर्धवट हुकूम देते. अशा वेळी बाहेरून विजेचे ठोके देऊन स्नायू आवळून घेतात. सेकंदाला साधारण ३० ते ५० ठोके, प्रत्येक ठोका सेकंदाच्या काही दशसहस्रांशाइतका. पण स्नायूला त्याचा फायदा व्हायचा तर तो चांगला कचकचून आवळला गेला पाहिजे, आणि त्यासाठी करंट चढवावा लागतो. म्हणजे औषधाची मात्रा इथे गोळीच्या पाकिटावर छापलेली नसते, ती पेशंटला किती सोसतं त्यावर ठरते. आजोबांनी बटण खाली आणलं तेव्हा त्यांनी स्वतःची मात्रा कमी केली, जवळजवळ शून्यावर. पॅड आरामदायक असणं ही यात चैनीची गोष्ट नाहीच. आराम असेल तरच उपचार आत पोचतो. आमच्या क्षेत्रात 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं वाक्य फार सहज लिहिलं जातं. मला ते वाक्य आवडत नाही. त्या सुटलेल्या कोपऱ्याने आधी सहकार्य करायला हवं होतं.

मी पहिल्यांदा स्वतःच्या मांडीवर इलेक्ट्रोड, म्हणजे वीज शरीरात सोडणारा तुकडा, लावला तो दिवस अजून अंगात आहे. मी शिकले वस्त्र अभियांत्रिकी. धागा, वीण, रंग, ताण यांच्यात वावरलेली. विजेशी माझा संबंध यंत्र चालू-बंद करण्यापुरता. करंट वाढवत नेला तशा आधी झिणझिण्या आल्या, पायावर पाय टाकून बसल्यावर येतात तशाच, पण ठेक्यात. त्या पसरल्या, दाट झाल्या. आणि मग अचानक, माझ्या मनात काहीही नसताना, मांडी आवळली गेली आणि पाऊल जमिनीवरून उचललं गेलं. मी हसले, आणि त्याच क्षणी घाबरलेही. पाय माझा होता, हालचाल माझी नव्हती. इटलीत बोलोन्याला गॅल्व्हानीने बेडकाचे पाय विजेने उडताना पाहिले आणि १७९१ साली त्यावर लिहिलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं; पण स्वतःचा पाय त्या बेडकाच्या जागी असतो तेव्हा कळतं की या उपचारात माणूस आपल्या शरीराची किल्ली थोडा वेळ दुसऱ्याच्या हातात देत असतो. मग ज्याला ती दिली त्या वस्तूने, त्वचेला चिकटलेल्या त्या चौकोनाने, किती जपून वागायला हवं! त्या दिवसापासून मी पॅडकडे सुटा भाग म्हणून बघू शकत नाही.

झिणझिण्या, मग स्नायूचं आवळणं, मग दुखणं, हा क्रम साधारण ठरलेला असतो. स्पर्श सांगणारे जाड मज्जातंतू आधी जागे होतात, मग स्नायूंकडे जाणारे, आणि वेदना वाहणारे बारीक तंतू त्यानंतर. आपल्याला काम करायचं असतं ते मधल्या फटीत. ठोका आखूड ठेवला तर ही फट थोडी रुंदावते, हे यंत्र बनवणारे जाणतात. पण यंत्र कितीही शहाणं असलं तरी त्वचेशी गाठ पडते ती इलेक्ट्रोडचीच. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर मांडीवर जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, तरी कोरडा असताना तोच विजेला सगळ्यात जास्त अडवतो. मग वीज वाट शोधते: घामाच्या नळ्या, केसांची मुळं, कुठे खरचटलेलं असेल ते. एवढा सगळा करंट त्या मोजक्या वाटांनी घुसतो आणि तिथलेच बारीक तंतू ओरडायला लागतात. आजोबांच्या सुया त्या याच. म्हणून पॅड लावायच्या जागी केस असतील तर ते कात्रीने कापायचे, वस्तरा फिरवायचा नाही. वस्तऱ्याने पडलेले न दिसणारे ओरखडे म्हणजे विजेला उघडून दिलेली दारं.

हे सगळं नवं आहे असंही नाही. पॅरिसमध्ये ड्यूशेनने १८५५ साली आपलं विद्युत-उपचारावरचं पुस्तक छापलं, त्यात त्याने हेच नोंदवलं होतं: त्वचा आणि इलेक्ट्रोड कोरडे असतील तर विजेचा परिणाम त्वचेतच राहतो, दोन्ही नीट ओले केले तर ती आत स्नायूपर्यंत पोचते. स्नायूंसाठी तो ओले स्पंज वापरत असे. ठिकाणं शोधत शोधत त्याने हेही दाखवलं की प्रत्येक स्नायूवर काही ठरावीक जागा अशा असतात जिथे थोड्या करंटमध्ये स्नायू पटकन आवळतो. आज आपण त्यांना मोटर पॉइंट म्हणतो. म्हणजे ओलावा आणि नेमकी जागा, या दोन गोष्टी तेव्हाच हाताशी आल्या होत्या. मला त्याचा ओला स्पंज डोळ्यांपुढे येतो तेव्हा वाटतं, आम्ही इतक्या वर्षांनी कापडात जे करू बघतोय ते त्या स्पंजाचंच पुढचं पाऊल आहे.

जेल पॅडबद्दल मला वाईट बोलायचं नाही. नवाकोरा जेल पॅड ही फार गुणी वस्तू आहे. प्लास्टिकच्या कागदावरून तो सोलून काढताना बोटांना गार, किंचित लिबलिबीत लागतो. त्वचेच्या प्रत्येक खाचखळग्यात बसतो. पाणी आणि क्षार स्वतःच्या पोटात घेऊन येतो आणि करंट सगळ्या पृष्ठभागावर बऱ्यापैकी सारखा पसरवतो. दुःख पुढच्या दिवसांचं आहे. दर वेळी सोलताना मृत त्वचेची पूड, लव, तेल, तलम धागे त्याला चिकटतात. कडा आधी सुकतात. मधला भाग अजून ओलसर, कडेला मात्र कडक पापुद्रा, आणि हळूहळू कोपरा वर उचलला जातो. आता बहुतेक यंत्रं करंट कायम राखणारी असतात. पॅडचा काही भाग सुटला म्हणून ती करंट कमी करत नाहीत; उरलेल्या जागेतून तेवढाच करंट ढकलतात. स्पर्शाची जागा आक्रसली की तिथे गर्दी वाढते. अशा उपकरणांसाठी आयईसी ६०६०१-२-१० नावाचं सुरक्षा मानक आहे, त्यात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिअँपिअर या आरएमएस (चढउतार धरून काढलेल्या एका प्रकारच्या सरासरी) घनतेपुढे जाणाऱ्या इलेक्ट्रोडकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं आहे. हिशोब चोख आहे, पण तो करताना आपण भागतो ते पूर्ण पॅडच्या क्षेत्रफळाने. सुटलेल्या कोपऱ्याजवळच्या त्वचेला सरासरी कळत नाही. तिला तिच्यावरून जाणारा करंट तेवढा कळतो.

शिवाय काहींच्या त्वचेला ती चिकट बाजू मानवत नाही. पॅड काढल्यावर लालसर चौकोन उरतो, खाजतो, दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा लावायचा म्हटलं की माणूस आधीच आक्रसतो. आणि शेवटी ते सगळे पॅड कचऱ्यात जातात. एकाचे दुसऱ्याला वापरता येत नाहीत, तेही बरोबरच आहे.

म्हणून कापड. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला त्याच्या वजनाचं आश्चर्य वाटलं होतं. दिसायला धातू, हाताला धागा. राखाडी, मंद चमकणारा, बॉबिनवरून सुटताना किंचित कुरकुरणारा. मुलाम्याचा थर इतका पातळ की नायलॉनचा लवचीकपणा मरत नाही. असा धागा मागावर उभा-आडवा विणता येतो, सुईने त्याचं भरतकाम करता येतं किंवा फासे घालून विणता येतो. मी फाशांच्या विणीची माणूस आहे. मांडी गोल आहे, आवळली की फुगते, वाकवली की लांबते. तिच्याबरोबर हलायचं तर कापडाला ताण द्यायला-घ्यायला आलं पाहिजे. फाशांची वीण ते करते. पण तिथेच तिची गोमही आहे. ताण बसला की एक फासा दुसऱ्याला जिथे टेकतो त्या जागा बदलतात, घट्ट होतात किंवा सुटतात, आणि कापडाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वरखाली होतो. मीटरची दोन टोकं लावून कापड हलकेच ओढायचं आणि आकडा नाचताना बघायचा, हा माझा रोजचा खेळ. आकडा नाचला की समजायचं, वीण अजून सैल आहे.

लोकांना वाटतं, हृदयाचे ठोके मोजणारे शर्ट आले आहेत, मग हे काय मोठं? पण मोजणारा इलेक्ट्रोड शरीराचं नुसतं ऐकतो. त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. संपर्क वाईट असेल तर आलेखात खरखर येते, एवढंच. आमच्या इलेक्ट्रोडला क्वाड्रिसेप्ससारख्या स्नायूसाठी पन्नासेक मिलिअँपिअर, कधी त्याहून जास्तही वाहून न्यायचे असतात. इथे वाईट संपर्काची किंमत त्वचा देते.

कोरडं चांदीचं कापड नुसतं बांधलं तर टोचतं. त्वचेला ते सलग वाटत असलं तरी भिंगाखाली बघितलं की ते हजारो फाशांच्या माथ्यांवर टेकलेलं असतं, आणि प्रत्येक माथा एक टोक. ओलं केलं की मधल्या दऱ्या पाण्याने भरतात आणि टोकांचा पृष्ठभाग होतो. पण पाणी म्हटलं की दोन नवे प्रश्न. एक, ते उडून जातं. सुरुवातीला छान वाटणारा इलेक्ट्रोड सेशनच्या शेवटी बोचायला लागतो. त्यावर आम्ही पाठीमागे पाणी न सोडणारं पातळ अस्तर दिलं, आणि अस्तर व चांदीच्या मध्ये पाणी धरून ठेवणारा जाडसर, जाळीदार थर. हा थर दाबही सगळीकडे सारखा वाटून देतो. मांडीच्या गोलाईवर कापडाचे कोपरे उचलले जाऊ देत नाही. दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण तो निखळ कापडाचा आहे. पाणी धाग्याधाग्याने बाजूला चढत जातं. इलेक्ट्रोड चौकोनी ठेवला होता, पण ओल पसरली की त्याची हद्द विरघळते आणि शेजारच्या इलेक्ट्रोडची ओल येऊन मिळाली तर करंट स्नायूत उतरायचं सोडून ओल्या पट्ट्यावरूनच पलीकडे जातो. पट्टा ओला, यंत्र चालू, आणि स्नायू गप्प. उपाय विणीतच सापडतो: चांदीच्या चौकोनाभोवती पाणी न पिणाऱ्या धाग्याची चौकट विणायची. थेंब टाकून बघायचा. थेंब चौकटीपर्यंत झरझर पसरतो आणि तिथे काठाला गोल होऊन उभा राहतो. ती चौकट नीट जमली की मला अजूनही उभं राहून कुणाला तरी दाखवावंसं वाटतं.

आता एक गोष्ट जी मला समजायला वेळ लागला, कारण ती मनाला उलटी वाटते. वीज वाहून नेण्यात कापड जितकं सरस तितका इलेक्ट्रोड चांगला, असं नाही. फार कमी रोधाच्या पृष्ठभागावरून त्वचेत शिरताना करंट कडांपाशी गोळा होतो. धातू आणि त्वचेच्या मध्ये थोडा अडखळणारा थर असेल, जेल असो, कार्बन मिसळलेलं रबर असो किंवा ओलं कापड, तर करंट सक्तीने सगळीकडे वाटला जातो. त्वचेला ते मऊ लागतं. म्हणून चांदी वाहून आणण्यासाठी आणि तिच्या पुढे ओलसर, थोडा नाखूश थर वाटून देण्यासाठी, अशी कामाची विभागणी आम्ही करू लागलो. आकाराचंही तसंच. मांडीसारख्या जागी, त्वचेखाली चरबीचा थर असताना मोठा इलेक्ट्रोड सुखाचा असतो. पण हाताच्या पुढच्या भागावर, जिथे मज्जातंतू वरच्यावर आहेत आणि शेजारी शेजारी पाच बोटांचे स्नायू आहेत, तिथे मोठा चौकोन ठेवला तर नको ती बोटं हलतात. तिथे लहानच हवा, आणि तोही बरोबर जागी. जागा दोन बोटांनी चुकली की सोसण्याचं सगळं गणित बदलतं.

धुलाईचं प्रकरण तर वेगळंच. पुन्हा पुन्हा वापरायचा म्हटल्यावर तो धुवायचा आला, आणि चांदीला धुणं सोसत नाही. पाण्याने तिचं तेवढं बिघडत नाही, घासण्याने बिघडतं. यंत्रात कापड कापडावर आपटतं, मुलामा झिजतो, चिरतो. क्लोरीनचं ब्लीच तिला खातं. कपडे मऊ करणारं द्रावण धाग्यावर पातळ लेप ठेवून जातं. गंधकाचा अंश लागला की ती काळवंडते. घरगुती धुलाईच्या चाचण्यांसाठी आयएसओ ६३३० हे मानक आहे, त्यात पाण्याचं तापमान, साबण, फेरे सगळं ठरवून दिलेलं आहे आणि त्याप्रमाणे आम्ही नमुने धुतो, रोध मोजतो, पुन्हा धुतो. पण मला खरी धास्ती असते ती मानकाबाहेरच्या धुण्याची. माणूस इलेक्ट्रोडचा पट्टा जीन्सबरोबर टाकतो, पिळतो, उन्हात किंवा हीटरवर वाळत घालतो. त्याने तसंच करावं! ज्या वस्तूला वेगळं जपावं लागतं ती आजारी माणसाच्या घरात टिकत नाही. म्हणून मी चांदी वीणीत जरा खोल बसवायच्या बाजूची आहे: घासलं जाणारं तोंड साध्या धाग्याचं, संपर्काचं तोंड आतल्या बाजूला.

कापड झिजण्याआधी बऱ्याचदा मोडते ती जोडाची जागा. मऊ कापड आणि कडक वायर जिथे भेटतात तिथे प्रत्येक हालचालीचा वाकडेपणा एकवटतो. आम्ही टिचबटण वापरतो; लावायला सोपं, काढायला सोपं, धुताना वायर वेगळी ठेवता येते. पण बटणाच्या कडेला धागे कापले जातात, म्हणून खाली गोल ठिगळ, त्याभोवती दाट टाके. आणि हे बटण लावणार कोण? व्लादिमीर लिबर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये पक्षाघातानंतर पाऊल लोंबकळणाऱ्या रुग्णांसाठी टाचेखाली स्विच ठेवून, पाऊल उचलायच्या क्षणी मज्जातंतूला ठोका देणारं उपकरण मांडलं. त्या कल्पनेचं मला फार कौतुक आहे. पण अशा रुग्णाचा बहुधा त्याच बाजूचा हातही चालत नसतो. दोन इलेक्ट्रोड नेमक्या जागी चिकटवायचे, वायरी खोचायच्या, हे सगळं एका हाताने करायचं. एक बाई आमचा पट्टा बांधून बघत होत्या. दात आणि एक हात वापरून त्यांनी तो ओढला आणि म्हणाल्या, "हे टोक जरा लांब ठेवा ना, दातात धरता येत नाही." त्या दिवशी आम्ही टोक लांबवलं, त्याला बोट अडकेल असा कडीसारखा फासा दिला आणि गुडघ्याच्या वाटीला टेकेल अशी खूण विणून घातली, म्हणजे पट्टा आपोआप त्याच जागी बसावा. रोधाचे इतके आलेख काढले, पण त्या फाशाइतका फरक थोड्याच गोष्टींनी पडला असेल.

आम्ही चाचणीच्या कागदावर एक रकानाही वाढवला आहे. 'त्रास किती' हे शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारतोच. त्याच्याशेजारी आता लिहितो, यंत्र माणसाच्या हातात देऊन खोलीत एकटं सोडल्यावर त्याने करंट स्वतः कुठवर नेला. माणसं समोर असताना भिडेपोटी सोसतात किंवा भीतीने कमी सांगतात. एकांतातला आकडा जास्त खरा असतो.

पण जिथे ही विचारपूसच चालत नाही, त्या लोकांचा विचार केला की माझा सगळा उत्साह जपून पावलं टाकू लागतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला मांडीवर काही जाणवत नाही. त्याच्यासाठी विजेच्या ठोक्यांनी स्वतःचे पाय हलवून सायकल चालवणं फार मोलाचं असू शकतं, स्नायू टिकतात, पण पॅडची कड सुटली, कापड सुकलं, चांदी एका कोपऱ्यात झिजली तर सुया टोचल्याचं सांगणारं कुणीच नसतं. भाजल्याचा डाग नंतर दिसतो. तिथे सोसण्याचं काम यंत्राला करावं लागणार. सुरुवातीला अगदी हलका ठोका देऊन प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध मोजायचा, सेशन चालू असताना मोजत राहायचा, आणि तो ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की थांबायचं. यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं, यंत्राने सरळ बंद व्हावं, सुरक्षा आधी. मला बंद होणं मान्य आहे, पण नुसतं बंद होणं पुरेसं वाटत नाही. लाल दिवा लावून गप्प बसणारं यंत्र चौथ्या दिवशी कपाटात जातं. त्याने सांगावं, कुठला इलेक्ट्रोड, डावीकडचा वरचा की खालचा. तो सुकलाय की झिजलाय. सुकल्यावर रोध सेशनमध्ये हळूहळू चढतो, झिजल्यावर तो ओला करूनही पहिल्यापासूनच चढा असतो, इतका फरक मोजता येतो. सुकला असेल तर ओला करून पुन्हा सुरू करता येईल, झिजला असेल तर तेवढा तुकडा बदलावा लागेल, आणि तो तुकडा टिचबटणाने सुटा होणारा असावा असा माझा हट्ट आहे. पुढच्या नमुन्यात तो तसाच विणतोय.